आभाळ वाचलं, गाळ्याचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव, गाव आणि ओळखीच्या खुणा काढून ते थोडक्यात देते.

"मिस्टरांचं गाड्यांचं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी घराला लागूनच दहा बाय वीसच्या गाळ्यात कार डिटेलिंग, म्हणजे गाडी आतून-बाहेरून चकाचक करायचं काम, सुरू केलं. धूळ बसू नये म्हणून शटर अर्ध्याहून खाली ओढून काम चालतं. डॅशबोर्डचं पॉलिश, ब्रेक क्लीनर, एसीचा वास घालवायचा स्प्रे असे दिवसाला तीन-चार डबे संपतात. मुलगी सहावीत आहे. ओझोन दिनाला शाळेत तिने तक्ता केला, त्यात स्प्रेच्या डब्यावर लाल फुली मारली आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, तुम्ही आभाळाला भोक पाडता. मिस्टरांनी तिला डबा दाखवला. त्यावर 'सीएफसी-मुक्त, ओझोनला सुरक्षित' असं छापलं होतं. विषय तिथेच संपला. पण संध्याकाळी गाळा झाडायला गेलं की माझं डोकं ठणकतं, घसा खवखवतो. शेजारच्या काकू म्हणतात, याने कॅन्सर होतो. स्प्रे बंद करा म्हटलं की मिस्टर म्हणतात, मग धंदाच बंद करू का? यात खरं कोणाचं धरायचं? दिरांचा १९ वर्षांचा मुलगा हाताखाली काम करतो. त्याच्या बोटांना हल्ली मुंग्या येतात, पण तो सारखा मोबाइलवर असतो, त्याने होत असेल."

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे, आणि तीही जाता जाता. मुलाच्या बोटांना मुंग्या येतात, ही. ओझोनचं, कॅन्सरचं, मिस्टरांशी झालेल्या वादाचं बोलूच. आधी या मुलाचं बोलू.

तो ब्रेक क्लीनर कसा वापरतो, ते आज पाच मिनिटं उभं राहून बघा. माझ्या भावाचं गॅरेज आहे, तिथे मी जे वर्षानुवर्षं पाहिलं ते सांगते. चाक काढायचं, डब्याची लाल नळी ड्रमवर धरायची, काळं पाणी गळेपर्यंत फवारत राहायचं, आणि शेवटी त्याच फवाऱ्यात आपले ग्रीस लागलेले हात धुऊन घ्यायचे. हात क्षणात स्वच्छ होतात, गार पडतात आणि वाळले की पांढरट दिसतात. पोरांना ते फार आवडतं, कारण साबणाने दहा मिनिटं घासूनही जे निघत नाही ते इथे दहा सेकंदांत निघतं. पण तो पांढरटपणा म्हणजे कातडीतलं तेल विरघळून गेल्याची खूण आहे. जे तेल विरघळवतं, ते कातडीच्या आतही जातं.

काही ब्रेक क्लीनरमध्ये एन-हेक्झेन नावाचा द्रावक असतो. तो शरीरात गेला की यकृतात त्याचं २,५-हेक्झेनडायोन होतं आणि हे रसायन हातापायांच्या लांब मज्जातंतूंना इजा करतं. सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, पुढे पकड ढिली पडणं, पाय जड होणं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गाडी-मेकॅनिकांमध्ये १९९९-२००० च्या सुमारास नेमका हाच आजार आढळला आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. ज्याच्यामुळे तो उघडकीला आला तो मेकॅनिक २४ वर्षांचा होता आणि एरोसोलचे, म्हणजे दाबाने फवारणाऱ्या डब्यातले, ब्रेक क्लीनर रोज वापरत होता. त्यातली एक गोष्ट मला फार खटकते. आधीच्या क्लीनरमध्ये क्लोरीनवाले द्रावक असायचे. त्यांच्यावर बंधनं आली म्हणून उत्पादकांनी त्यांच्या जागी हेक्झेन आणलं, काही ठिकाणी सोबत ॲसिटोनही घातलं. ॲसिटोन बरोबर असलं की हेक्झेनचा त्रास वाढतो. म्हणजे एक धोका काढताना दुसरा आत आला आणि तो सोसला डबा हातात धरणाऱ्याने.

या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. मुंग्या बी-१२ कमी असल्यानेही येतात, साखर वाढल्यानेही, मनगटातली नस दबल्यानेही. पण 'मोबाइलमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. या आठवड्यात त्याला चांगल्या फिजिशियनकडे न्या. जाताना गाळ्यात वापरता त्या प्रत्येक डब्याच्या लेबलचा पुढून-मागून फोटो सोबत ठेवा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की हा रोज इतके तास, बंद जागेत, उघड्या हातांनी हे वापरतो. असं कोणी सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या ते लक्षात यायचं नाही. गरज वाटली तर ते नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश नीट जातो का ते बघायची, तपासणी सांगतील. तोवर त्याचा ब्रेक क्लीनरशी संबंध पूर्ण बंद. आणि कारण हेक्झेनच निघालं, तर एक ध्यानात असू द्या : वापर थांबवल्यावरही काही काळ त्रास वाढत असल्यासारखा वाटू शकतो. त्याने घाबरून जायचं नाही. लवकर थांबलं तर मज्जातंतू हळूहळू सावरतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलगी खरी की बाबा खरे?

दोघंही खरे आहेत, पण दोघं एकाच जुन्या प्रश्नाबद्दल भांडताहेत. स्प्रेच्या डब्यात दोन गोष्टी असतात. एक तुम्हाला हवा असलेला माल, म्हणजे पॉलिश किंवा क्लीनर. दुसरा तो माल बाहेर ढकलणारा वायू, त्याला प्रोपेलंट म्हणतात. एके काळी हा ढकलणारा वायू सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, असायचा. तो पेटत नव्हता, त्याला वास नव्हता, माणसाला तो फारसा त्रासही देत नव्हता. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हाच निरुपद्रवी वाटणारा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १६ सप्टेंबर १९८७ ला असे ओझोन खाणारे वायू थांबवायचा मॉन्ट्रियल करार झाला, म्हणून त्या तारखेला ओझोन दिन. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडे सीएफसीचा हा वापर संपला. ओझोनचा थर आता भरून येतो आहे. जगाच्या बहुतेक भागावर तो २०४० च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मुलीला हे जरूर सांगा. माणसांनी एकत्र येऊन एक संकट खरोखर परतवलं, हे तिच्या वयात कळायला हवं.

पण म्हणून आज डब्यावर 'सीएफसी-मुक्त' छापण्याला काय अर्थ उरला? शेंगदाण्याच्या तेलावर 'कोलेस्ट्रॉल नाही' असं लिहितात ना, तसंच हे. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्ट्रॉल कधी नसतंच. आज दुकानात मिळणारा कुठलाही स्प्रे सीएफसी-मुक्तच असणार. ते लेबल आभाळाबद्दल बोलतं. तुमच्या गाळ्याबद्दल, मुलाच्या हातांबद्दल, तुमच्या डोकेदुखीबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. मिस्टरांची चूक झाली असेल तर एवढीच, की त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावलं. ही चूक अगदी शिकलेली माणसंही करतात.

सीएफसी गेलं, मग त्याच्या जागी काय आलं? बहुतेक डब्यांत प्रोपेन, ब्यूटेन आणि आयसोब्यूटेन. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये असतो तोच एलपीजी, जास्त शुद्ध केलेला. काहींत डायमिथाइल ईथर. तोही पेटणाराच. लेबलवर लाल चौकटीतलं ज्वालेचं चित्र शोधा, म्हणजे खात्री पटेल.

सिलिंडर गळत असेल तर काय करायचं हे तुम्हाला सांगायला नको. दिवा लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, दारं-खिडक्या सताड उघडायच्या. पण सिलिंडर गळतोय हे कळतं कशामुळे? वासामुळे. तो वास गॅसचा नसतो, मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. स्प्रेच्या डब्यात तो घालत नाहीत, उलट असलेला वास काढून टाकतात, नाहीतर पॉलिशला कोण हात लावेल? शिवाय डब्यातला दुसरा सुगंध त्यावर पांघरूण घालतो. त्यामुळे 'वास गेला म्हणजे गॅस गेला' असं समजू नका. हा वायू हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन दीडपट, ब्यूटेन दुप्पट. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर पहिला तिथे.

थोडा हिशेब मांडते. डब्याडब्यात प्रमाण वेगळं असतं, पण समजा एका मोठ्या डब्यात १५० ग्रॅम ब्यूटेन आहे. ते सगळं बाहेर आलं की साधारण ६० लिटर वायू होतो. हवेत ब्यूटेन १.८ टक्क्यांच्या वर गेलं की एका ठिणगीने ती हवा पेटू शकते. ६० लिटर वायू तीन घनमीटरहून जास्त हवेला त्या पातळीपर्यंत नेऊ शकतो. छोट्या हॅचबॅक गाडीच्या आत हवा मावते ती साधारण एवढीच. म्हणजे काचा बंद करून गाडीत एक डबा रिकामा केला, तर हिशेबाने अख्खी गाडी पेटण्याजोगी होते.

हे कागदावरचं गणित वाटत असेल, तर दोन घटना सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये जपानमधल्या सप्पोरो शहरात एका ऑफिसातल्या लोकांनी वास घालवायच्या स्प्रेचे शंभराहून जास्त डबे टाकून द्यायचे म्हणून खोलीतच रिकामे केले. मग कोणीतरी हात धुवायला गिझर चालू केला. इमारत कोसळली, चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्समध्ये एकाने गाडीत भरपूर एअर फ्रेशनर मारला आणि लगेच सिगारेट पेटवली. गाडीच्या काचा उडाल्या, आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांनाही हादरा बसला. तो वाचला, पण थोडक्यात.

आता तुमच्या गाळ्यात नजर फिरवा. शटर खाली ओढलेलं. कोपऱ्यात, जमिनीवरच, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी असेल. लाइट गेली की तो 'टक्' करून चालू होतो. त्या 'टक्'मध्ये ठिणगी असते. भिंतीवर देवाचा फोटो आणि त्याच्यापुढे सकाळी लावलेली उदबत्ती किंवा निरांजन असणार, कारण उदबत्ती लावल्याशिवाय दुकान उघडणारं घर मी तरी आपल्याकडे पाहिलेलं नाही. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, पॉलिशिंग मशीनची मोटर. आणि भिंतीपलीकडे तुमची शेगडी. देवाचा फोटो काढायचा नाहीये. पण दिवा-उदबत्ती घरातल्या देवघरात हलवा, गाळ्यातल्या फोटोला हार घाला. इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत न्या. हे दोन्ही बदल याच रविवारी होण्यासारखे आहेत.

तुमच्या डोकेदुखीकडे येते. तिचा दोष प्रोपेलंटवर एकट्यावर टाकता येणार नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. वायू थेंबांतून जवळजवळ लगेच सुटा होतो, मागे तरंगत राहतात ते द्रावकांच्या वाफा आणि बारीक तुषार. स्प्रे मारल्यावर शटरच्या फटीतून येणाऱ्या उन्हात बघा, बारीक धूर तरंगताना दिसेल. आणि जे थेंब दिसतच नाहीत, ते जास्त आत जातात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक थेंब फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचू शकतो. प्रोपेलंट नेमकं हेच करतो : माल फार बारीक करतो. २००६ मध्ये जर्मनीत काच आणि टाइल्सवर मारायच्या एका सीलिंग स्प्रेने सुमारे शंभर माणसांना दम लागला, खोकला झाला, काहींच्या फुप्फुसांत पाणी साठलं. त्याच उत्पादनाची हाताने दाबायच्या पंपाची बाटली आधीपासून बाजारात होती, तिच्याबद्दल अशी तक्रार आली नव्हती. पंपाचे थेंब मोठे असतात, ते खाली पडतात. गाडीच्या सीटवर पाणी टिकू नये म्हणून मारतात त्या वॉटरप्रूफिंग स्प्रेच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. तो बंद जागेत एरोसोलच्या डब्यातून कधीच मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही झाडायला जाता ती वेळही बघा. दिवसभराचं काम संपलेलं, शटर ओढलेलं, जमिनीवर बसलेला तुषार तुम्ही केरसुणीने पुन्हा उडवता. आजपासून शटर पूर्ण वर करून अर्धा तास थांबा, मग झाडा, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता आलं तर पुसा. एवढ्याने डोकेदुखी थांबली, तर कारणही कळेल. नाही थांबली, किंवा दम लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर स्वतःलाही दाखवून घ्या. बायका घरातल्या सगळ्यांना डॉक्टरकडे नेतात आणि स्वतःचं पुढे ढकलतात.

काकूंच्या कॅन्सरबद्दल. प्रोपेन-ब्यूटेनमुळे कॅन्सर होतो असं नाही. पण काही ब्रेक क्लीनर, डीग्रीजर आणि पेंट काढायच्या स्प्रेमध्ये डायक्लोरोमिथेन किंवा टेट्राक्लोरोइथिलीन असतं. या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. डायक्लोरोमिथेनचं शरीरात कार्बन मोनॉक्साइडही होतं, म्हणून बंद जागेत ते लगेचही घातक ठरू शकतं. अमेरिकेने २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी त्याच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम केला. म्हणजे काकू डब्याबद्दल सरसकट बोलल्या ते बरोबर नाही, पण त्यांची भीती पोकळही नाही. भीती कुठल्या डब्याची बाळगायची, एवढंच शोधायचं आहे.

ते शोधायचं कसं? प्रत्येक उत्पादनाची 'सेफ्टी डेटा शीट' असते. उत्पादकाच्या वेबसाइटवर मिळते, नाहीतर डीलरकडे मागायची. १६ भाग असतात, तुम्हाला तिसरा भाग बघायचा आहे, तिथे घटक असतात. नावं वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात, पण शेजारचा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ठरावीक क्रमांक, बदलत नाही. एन-हेक्झेन ११०-५४-३, डायक्लोरोमिथेन ७५-०९-२, टेट्राक्लोरोइथिलीन १२७-१८-४. हे तीन आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून गाळ्यात लावा. यातला एकही आकडा ज्या शीटमध्ये दिसेल तो डबा परत. जो डीलर शीट द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही. मुलगी सहावीत आहे, हे काम ती तुमच्याहून चटकन करील.

तक्त्याबद्दलही तिला नवं काही सांगता येईल. ओझोनचा प्रश्न मागे पडला तरी डब्याचा आणि हवेचा संबंध संपलेला नाही. ब्यूटेन-प्रोपेन हवेत गेले की गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडबरोबर, उन्हात, जमिनीलगत ओझोन तयार व्हायला मदत करतात. गंमत बघा : वरचा ओझोन आपल्याला राखतो आणि खालचा ओझोन फुप्फुसांना भाजतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासाप्रमाणे जगात वर्षाला २,५०० कोटींहून जास्त एरोसोल डबे वापरले जातात आणि त्यांतून १३ लाख टनांहून जास्त असे वायू हवेत जातात. दुसरी गोष्ट 'न पेटणाऱ्या' डब्यांची. एसीच्या जाळीतली, स्विचमधली धूळ उडवायला जे एअर डस्टर मिळतात, त्यांतल्या काहींत एचएफसी-१३४ए नावाचा वायू असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पेटतही नाही, पण उष्णता अडवून धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून जास्त आहे. असा ३०० ग्रॅमचा एक डबा उडवणं म्हणजे साधारण १७० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं. युरोपने असे डबे २०१८ पासून बहुतेक कामांसाठी बंद केले. हे एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायच्या, मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारतानेही २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. आणि गॅरेज म्हटलं की तुमच्याकडे कॉम्प्रेसर असणारच! धूळ उडवायला विकतची हवा कशाला? प्रेशर कमी ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, झालं.

मिस्टरांचा प्रश्न मी हलका मानत नाही. धंद्यात गिऱ्हाईक टिकवणं काय असतं ते मी भावाच्या गॅरेजमध्ये पाहिलं आहे. पण 'स्प्रे बंद' आणि 'धंदा बंद' हे एकच आहे, हे गृहीतच तपासून बघायला हवं. गिऱ्हाईकाला चकाकी हवी आहे, फवारा नको आहे. डॅशबोर्डचं पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, ते पंपाच्या बाटलीत भरा आणि डॅशबोर्डवर न मारता मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन पुसा. एरोसोलच्या किमतीत तुम्ही मालाबरोबर डबा, झडप आणि उडून जाणारा गॅसही विकत घेता. तीन महिन्यांची बिलं काढून बसा, मिस्टरांना माझ्या पत्रापेक्षा तो आकडा जास्त पटेल. गाळ्यात किंवा शेजारी डेंटिंग-पेंटिंगचं काम होत असेल तर आणखी एक मुद्दा आहे, तो त्यांना लगेच कळेल. सिलिकॉनच्या पॉलिशचा तुषार तरंगत जाऊन पॅनेलवर बसला की नव्या रंगात फिश आय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे, पडतात. पेंटर दोष थिनरला देतो आणि कारण असतं शेजारचा डॅशबोर्ड स्प्रे. स्टिअरिंगला आणि पॅडलला तर सिलिकॉन लागताच कामा नये, पाय घसरतो.

ब्रेकचं काम मात्र नुसती बाटली बदलून सुटणार नाही. तोच द्रावक पंपाच्या बाटलीत भरला तर गॅस गेला, पण विष राहिलं. धूळ आणि काजळी काढायला साबणाचं पाणी आणि ब्रश बहुतेक वेळा पुरतो, पाण्यावर आधारलेले ब्रेक क्लीनरही मिळतात. शेवटचा हात द्यायला एरोसोल लागलाच, तर हेक्झेन आणि क्लोरीन नसलेला निवडायचा, काम उघड्यावर करायचं, आणि नायट्राइलचे हातमोजे घालायचे. ओले झाले की ते बदलायचे. हात धुवायला हातांचाच साबण. नेहमीचा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफेला अडवत नाही, त्याने सुरक्षित वाटतं तेवढंच. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

हवेचं म्हणाल तर वर छताजवळ बसवलेला एक्झॉस्ट फॅन जमिनीलगतच्या वायूला फारसा हलवत नाही. समोरचं शटर आणि मागचं दार उघडं, वारा आरपार, असं असेल तर उत्तम. पंखा स्प्रे मारण्याच्या आधी चालू करायचा, नंतर नाही. धूळ नको म्हणून जे कोटिंगचं काम बंद जागेत करावं लागतं, त्या दिवशी त्या जागेत एरोसोल उघडायचाच नाही. एसीचा वास घालवायचा डबा त्याच्यावर लिहिलंय तसाच वापरा : एका गाडीत एकच, आत कोणी नाही, आणि नंतर चारही दारं उघडून पुरेसा वेळ. गिऱ्हाईकाला किल्ली देताना 'गाडीत लगेच सिगारेट पेटवू नका' हे सांगायला लाजू नका.

साठवणीबद्दल एक आठवण. अकोल्याला मे महिन्यात भावाने गाडी दिवसभर उन्हात लावली होती आणि मागच्या काचेखाली डॅशबोर्ड स्प्रेचा डबा राहून गेला. संध्याकाळी तो काढून ओट्यावर ठेवला तर डबा उभा राहीना, डुलायला लागला. उलटा करून पाहिलं. डब्याचा तळ आतल्या बाजूला खोलगट असतो, तो बाहेर फुगून आला होता. आणखी थोडी उष्णता असती तर काय झालं असतं, ते तेव्हा आम्हाला कळलं. डब्यांवर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. अमेरिकेत ॲरिझोनात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक उन्हात तासभर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला होता. म्हणून गिऱ्हाईकाला 'हा घ्या, गाडीतच ठेवा' म्हणून डबा देत असाल, तर ते थांबवा. स्वतःचे डबे सावलीच्या, कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा. कुलूप दुसऱ्या एका कारणासाठीही हवं. नशेसाठी असे वायू हुंगणारी मुलं आपल्या आसपास आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत १० ते १७ वयाच्या एक टक्क्याहून जास्त मुलांत हुंगायच्या नशेचा वापर आढळला. ब्यूटेन हुंगल्याने हृदयाचे ठोके बिघडून मुलगा पहिल्याच वेळी जागच्या जागी जाऊ शकतो. गाळ्यातल्या पोरांना हे एकदा, न ओरडता, सांगून ठेवा.

रिकाम्या डब्यांचं काय करता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. 'रिकामा' डबा क्वचितच पूर्ण रिकामा असतो. खिळ्याने भोक पाडायचं नाही, शेकोटीत किंवा कचऱ्याबरोबर जाळायचं नाही. फवारा पूर्ण बंद होईपर्यंत तो उघड्यावर वापरा, मग वेगळ्या पोत्यात साठवा. २०१६ च्या घनकचरा नियमांत पेंटचे आणि कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, तुमचे डबेही त्यांच्याबरोबरच वेगळे द्या. नगरपालिकेची गाडी घेत नसेल तर भंगारवाल्याला देताना 'हे गॅसचे डबे आहेत, ठोकू नका' असं तोंडाने सांगा. पत्रा चपटा करायला तो पहिला घाव हातोडीचाच घालतो.

हे सगळं एका दमात मिस्टरांसमोर मांडू नका. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी करा : मुलाला डॉक्टर, उदबत्ती-इन्व्हर्टर गाळ्याबाहेर, शटर वर. डबे बदलायचं मग बिलं हातात घेऊन बोला. मिस्टरही त्याच गाळ्यात दिवसाचे दहा तास उभे असतात, हे बोलताना विसरू नका. तुमची काळजी त्यांच्यासाठीही आहे, हे त्यांना शब्दांत सांगा.

आणि डॉक्टर काय म्हणाले, ते दोन ओळींत मला कळवा. मुलाच्या बोटांबद्दल वाचल्यापासून ते मनात घर करून बसलं आहे.